कोरडी खोली

या खोलीत एका वेळी चौघांनाच परवानगी.
पाचवं कुणी आलं की त्याच्या श्वासाची वाफ
भिंतीवरच्या काट्याला कळते
आणि ओदेई माझ्याकडे बघतो,
जणू जास्तीचा श्वास मीच पदरी बांधून आणलाय.

बाहेर गास्तेईझवर दहा दिवस भुरभुर चालली आहे.
इथले लोक तिला पाऊस म्हणत नाहीत,
छत्री उघडणं कमीपणाचं मानतात.
आत मात्र लिथियमच्या नजरेला पाणी पडता कामा नये.
माझे ओठ फुटतात.
मलम लावून आत येता येत नाही.

सव्वीस वर्षं मी फरशीच्या कारखान्यात भट्टीपाशी होते.
तो बंद पडला, तेव्हा इथं कुणीतरी हवं होतं
पूड चाळणारं, गोळी दाबणारं, हात न थरथरणारं.
मुलाखतीत "गार्नेट" म्हणाले, मला वाटलं दागिने.
निघाली पांढरट भुकटी.
बाराशे अंशांत भाजली की नखाएवढी चकती होते,
मानी जातीची.
वाकत नाही. मोडते.

दुसरं ते पॉलिमर.
त्याच्या लांबच लांब साखळ्या सारख्या कुशी बदलतात
आणि लिथियम हातून हाती पुढे सरकतो,
लग्नघरातल्या तान्ह्या पोरासारखा.
पण हे सगळं साठ अंशांच्या वर.
खाली आलं की आमच्या वडिलांसारखं,
ऐकतं सगळं, उठत नाही.

दोघांना एकत्र नांदवायचं आहे.
नांदवणं हा शब्द माझा,
ओदेई "संकर" म्हणतो आणि टक्केवारी सांगतो:
इतके कण, इतकी साखळी, इतकं मीठ.
मी ढवळते.

भांडण कणात नाही, साखळीतही नाही,
शिवणीत आहे.
एक संपतं, दुसरं सुरू होतं, तिथं लिथियम थबकतो,
परक्या उंबऱ्यावर
चपला काढाव्यात की नाही, अशा बेतानं.
चकतीला हवा लागली की पांढरा पापुद्रा धरतो,
दिसतही नाही, पण दार तेवढंच जड होतं.
मी तो खरवडते. पुन्हा धरतो. खरवडते.

चारशे बारा फेऱ्या चालला हा सेल.
भरणं, रितं होणं, भरणं.
चारशे तेराव्याला पडद्यावरची रेघ
धपकन खाली आली.
धूर नाही, वास नाही, कुणी दचकलंही नाही.
काचपेटीत, जाड हातमोज्यांतून आम्ही तो उघडला.
चकतीच्या आरपार केसाएवढी काळी वाट,
कणाकणाच्या मधून चोरपावलांनी गेलेली.

ओदेईनं वहीत लिहिलं: निकामी.
मी म्हटलं, पेटला नाही.
तो म्हणाला, ते गृहीतच आहे, मायालेन.

सारामागात, आमच्या इमारतीत, गेल्या मार्चला
पहाटे चार वाजता जिन्याखाली
उनाईची स्कूटर चार्जिंगला होती.
तिच्या बॅटरीत द्रव होता, वाहता, पेट घेणारा.
कठड्याला तीनदा रंग दिला,
तिसऱ्या रंगातूनही काळं वर येतं.
चौथ्या मजल्यावर इमाकुलादाच्या नावाची पाटी आहे अजून.
पोस्टमन पत्रं टाकत राहतो.

ओदेईला हे सांगितलेलं नाही.
तो पोरगा चांगला आहे, त्याला आकड्यांची काळजी आहे,
आणि आकड्यांचीही कुणीतरी काळजी करायला हवी.

मेलेल्या चकत्या फेकायच्या असतात.
एकेक आर्गॉनमध्ये सीलबंद करून
मी त्या बिस्किटांच्या डब्यात ठेवते.
कप्प्याच्या दारावर त्यानं
"फेकू नये" अशी चिठ्ठी लावली,
विचारलं मात्र काही नाही.

उद्याची पूड चाळून ठेवली आहे.
चाळणी एक नंबर बारीक घेतलीय या वेळी.
वहीत त्याची नोंद
तो सकाळी आल्यावर करीन,
आधी त्याला कॉफी पिऊ दे.